डिडने तिकीट काढलंय

मराठी माणसाला कुणाची काळजी वाटायला लागली की तो भूतकाळात बोलतो. पोचलास का? गोळी घेतलीस का? गॅस बंद केलास ना? पाणी आलं का? पगार झाला का? आपली सगळी विचारपूस अशी उरकलेल्या कामांची असते. साहेबाचं तसं नाही. तो भेटल्यावर 'कसे आहात' असा वर्तमानकाळातला सोयीचा प्रश्न टाकतो आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आधी हवापाण्याकडे वळतो. आपल्याला तेवढ्याने भागत नाही. आपल्याला तपशील हवा, आणि तोही पुरा झालेला. दारात चपला काढणाऱ्याला आपण 'आलात?' म्हणून विचारतो. तो आलाय हे दिसत असतं, तरी विचारतो. अंथरुणाची घडी घालणाऱ्याला 'उठलात?' आणि पिशवीतून मेथीची जुडी डोकावत असताना 'भाजी आणलीत वाटतं?' कोल्हापुराकडे 'जेवलासा का?' हा प्रश्न दिवसाच्या कुठल्याही प्रहरी चालतो. 'हो' म्हटलं तर चहा येतो, 'नाही' म्हटलं तर ताट येतं. माहिती कुणालाच नको असते.

मराठीत हे सुखाने चाललेलं असतं. पंचाईत होते ती हीच काळजी इंग्रजीत करायची वेळ आली की. हल्ली ती वेळ रोज येते. ऑफिसच्या ग्रुपवर तामिळ साहेब असतो, भाचीचं सासर बंगाली असतं, मुलाचा घरमालक बेंगळुरूचा असतो. मग मोबाइलवर प्रश्न उमटतात: 'डिड यू रीच्ड?' 'डिड यू हॅड लंच?' 'डिड यू गॉट द पार्सल?' 'डिड यू स्पोक टु हिम?' प्रत्येक प्रश्नात माया आहे, अगत्य आहे आणि भूतकाळही आहे. फक्त तो एकदा पुरला असता, तो दोनदा आला आहे.

एका तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत मी इंग्रजी शिकवलं. त्यामुळे या दोनदा येणाऱ्या भूतकाळाशी माझा संसार बराच झाला. नियम एका ओळीचा आहे. प्रश्न विचारताना 'डिड' पुढे आला की त्याच्या मागचं क्रियापद पहिल्या रूपात ठेवायचं: डिड यू गो, डिड यू ईट, डिड यू गेट. फळ्यावर लिहायला अर्धा मिनिट लागतो. पोरं तो वहीत उतरवून घेतात, लाल पेनने चौकट करतात, चौकटीला बाहेरून फुलं काढतात आणि पुढच्या पानावर 'डिड यू वेंट' लिहितात.

आमची निम्मी पोरं आसपासच्या गावांतून एसटीने यायची, म्हणून मी एसटीच काढली. म्हटलं, गाडीला गर्दी आहे. नवरा पुढे दाराशी अडकलाय, बायकोला मागे जागा मिळालीय. कंडक्टर आला. नवऱ्याने दोघांचं तिकीट पुढेच काढलं. आता मागे बायकोने पुन्हा काढायचं का? सगळा वर्ग ओरडला, 'नाही!' मग पुढे उभा आहे तो 'डिड'. त्याने भूतकाळाचं तिकीट काढलंय. मागे बसलेल्या 'गो'ने पुन्हा पैसे काढून 'वेंट' व्हायचं नाही, हात मांडीवर ठेवून गप बसायचं. हे उदाहरण पोरांना इतकं पटलं, की पेपर तपासताना मला समासात पुसट पेन्सिलीने 'डि.ने ति. काढलं' असं लिहिलेलं सापडायचं. २०२३ साली एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि माझ्या हिशेबाची जरा मोडतोड झाली. पण तोवर मी निवृत्त झाले होते.

तिकिटाचं पटलं तरी जीभ ऐकत नव्हती, त्याला कारण होतं. या 'डिड'च्या धड्याआधी पोरांनी क्रियापदांचा तक्ता पाठ केलेला असायचा. तीन रकाने. गो-वेंट-गॉन, ईट-एट-ईटन, ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट. पाढ्यांच्या चालीवर, आधी मुलं मग मुली, खिडकीबाहेरच्या लिंबावरचे कावळे उडेपर्यंत. काही काही क्रियापदं फार छळवादी. 'कट' तिन्ही रकान्यांत 'कट'च राहतं, तेव्हा पोरांना वाटतं बाईंनी लिहायचा कंटाळा केला. 'रीड' तिन्ही ठिकाणी लिहायचं सारखं आणि वाचायचं मात्र पहिलं वेगळं, पुढची दोन वेगळी. 'लाय' आणि 'ले' यांच्या वाटेला तर मीही जपून जात असे. असा घाम गाळून मधला रकाना पदरात पडतो, आणि पुढच्याच आठवड्यात बाई सांगतात, प्रश्नात मधला रकाना वापरायचा नाही.

सहावीतला एक मुलगा उठून उभा राहिला. एरवी हा तोंड उघडायचा नाही. म्हणाला, "बाई, मग वेंट पाठ कशाला केलं?"

मी म्हटलं, "उत्तर द्यायला. कुणी विचारलं, व्हेअर डिड यू गो? तर तू सांगणार, आय वेंट टु द फेअर."

तो जरा थांबला. "पण बाई, परीक्षेत सगळे प्रश्नच करायला सांगतात."

हे मात्र खरं होतं. आमच्या पेपरात अधोरेखित शब्द उत्तर म्हणून येईल असा प्रश्न तयार करा, हा ठरलेला प्रश्न. वाक्य छापलेलं असतं: 'राम वेंट टु पुणे.' 'पुणे'खाली रेघ. मुलाने करायचं 'व्हेअर डिड राम गो?' आता पोराच्या बाजूने बघा. छापील वाक्यात 'वेंट' आहे. ते पेपर काढणाऱ्याने लिहिलंय, म्हणजे ते बरोबरच असणार. त्याला मोडून 'गो' करणं म्हणजे चांगलं घडवलेलं भांडं पुन्हा आटवणं. पोराला ते धाडस होत नाही. तो आहे ते 'वेंट' आदराने जागच्या जागी ठेवतो आणि पुढे 'डिड' आणून बसवतो. हे सोडवायला शिकवलं की लगेच पुढचं वाक्य येतं, त्यात रेघ 'राम'खाली असते. पोरं उत्साहाने 'हू डिड गो टु पुणे' करतात, आणि तेव्हा बाईंनी सांगायचं, अरे, इथे डिड नको, इथे नुसतं 'हू वेंट'. कर्त्याचाच पत्ता लागत नसेल तर डिड येत नाही. म्हणजे जो 'वेंट' महिनाभर दाराबाहेर उभा केला होता, त्याला आता सन्मानाने आत घ्यायचं. त्यातून कुणी हुशार पोर 'डिड यू वॉज ॲब्सेंट?' असं विचारतं. मग 'बी'चं घराणं वेगळं, ते स्वतःच पुढे येतं, त्याला 'डिड' चालत नाही, हे सांगायचं. तोवर घंटा होते.

मला बरीच वर्षं वाटायचं, ही पोरं इंग्रजी नियम मोडतात. पुढे पुढे वाटायला लागलं, की ती मराठी नियम पाळतात. मराठीत दोन शब्दांचा भूतकाळ कसा होतो ते बघा. 'तू काल बाजारात गेला होतास का?' 'गेला' हा भूतकाळ, 'होतास' हाही भूतकाळ. 'त्या आल्या होत्या', 'पोरं पळाली होती', 'आंबे पिकले होते'. दोन्ही शब्द एका सुरात, दोघांचं लिंग एक, वचन एक. आपल्या कानाला अशी जोडी लागते. पुढचा भूतकाळात आणि मागचा उघडाबोडका, हे आपल्याकडे अशुभ दिसतं. तेव्हा 'डिड यू वेंट' म्हणणाऱ्याच्या कानात 'गेला होतास' वाजत असतं. आणि हीच जोडी दुसऱ्या बाजूने घसरते तेव्हा 'काल मी नाशिकला गेलो होतो'चं 'आय हॅड गॉन टु नाशिक येस्टरडे' होतं. तिथे साहेब विचारात पडतो, की त्या जाण्यानंतर आणखी काय घडलं ते हा सांगत का नाही.

गंमत अशी, की डिडची युक्तीही मराठीला ठाऊक आहे. 'तू काल येऊ शकला नाहीस?' इथे भूतकाळ 'शकला'ने घेतलाय आणि 'येऊ' मोकळा बसलाय. 'तो बोलू लागला', 'तिने मला जाऊ दिलं'. जन्मात कुणी 'आला शकला' म्हटलं नाही. वर्गात 'येऊ शकला' फळ्यावर लिहिलं की पोरांचे चेहरे उजळायचे. हा उजेड साधारण मधल्या सुट्टीपर्यंत टिकायचा.

'गो'चं 'वेंट' होतं यावर मात्र मराठी पोरांनी कधी आश्चर्य दाखवलं नाही, आणि दाखवायचा अधिकारही नव्हता. आपल्या 'जा'चं 'गेला' होतं. 'ये'चं 'आला', 'हो'चं 'झाला', 'कर'चं 'केला'. 'वेंट' हा मुळात 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ, तो 'गो'ने आपल्या घरी आणून ठेवला. आपल्या 'गेला'चंही मूळ 'जा'पाशी नाही, संस्कृतातल्या 'गत'पाशी आहे. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या लांब, पण जाणाऱ्याने नाव बदलून जायचं यावर दोघींचं एकमत. घराघरांत तीन वर्षांची पोरं 'मी करलं' म्हणतात, त्यांना कुणी तक्ता देत नाही. चार दिवसांनी ती आपोआप 'केलं' म्हणायला लागतात.

साहेबाच्या घरची पोरंही याच वाटेने जातात. अमेरिकेत रॉजर ब्राउन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात तीन लहान मुलांचं बोलणं नेमाने टिपून घेतलं. त्यांना टोपणनावं दिली ॲडम, ईव्ह आणि सारा. त्या नोंदींवरून एडवर्ड क्लिमा आणि उर्सुला बेलुगी यांनी १९६६ साली मुलांच्या प्रश्नांचा अभ्यास छापला. त्यात ही मुलं डिडनंतर बिनधास्त भूतकाळ वापरताना दिसतात. आईबाप दोघं इंग्रजी बोलणारे, शेजार इंग्रजी, टीव्ही इंग्रजी, तरी तिकीट दोनदा. म्हणजे आमच्या सहावी ब मध्ये जे चाललं होतं, ते बॉस्टनच्या आसपास दुधाच्या दातांच्या वयात चालतं. आमच्याकडे दात पडून नवे आल्यावर, एवढाच फरक.

बरं, हा 'डिड' इंग्रजीत काही अनादि काळापासून नव्हता. पूर्वी इंग्रजही सरळ क्रियापद उचलून कर्त्याच्या पुढे ठेवत आणि 'वेंट यू होम?' अशा घाटाचा प्रश्न विचारत. जर्मन आणि डच लोक आजही असंच विचारतात आणि त्यांचं कुठे अडत नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकांत इंग्रजीत हा 'डू' हळूहळू शिरला. शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात, कधी एकाच पात्राच्या तोंडी. १६११च्या इंग्रजी बायबलात जुन्या वळणाचे, डिडवाचूनचे प्रश्न भरपूर आहेत. आल्व्हार एलेगोर्ड नावाच्या स्वीडिश विद्वानाने त्या काळातल्या लेखनातली हजारो वाक्यं मोजली आणि १९५३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्या मोजदादीतली एक गोष्ट मला फार आवडते. 'डू'ने आधी मुक्काम ठोकला तो नकारार्थी प्रश्नांत. म्हणजे 'तू आला नाहीस?', 'तुला सांगितलं नव्हतं?', 'दार लावलं नाहीस?' या जातीच्या प्रश्नांत. साधी चौकशी मागाहून आली. ज्या घरात सासू-सुना, नवरा-बायको किंवा बाप-लेक आहेत, त्या घराला हा क्रम नवा वाटू नये.

हा 'डू' आला कुठून यावर पंडितांत एकमत नाही. काही जण वेल्स आणि कॉर्नवॉलकडे बोट दाखवतात, कारण तिथल्या केल्टिक भाषांतही 'करणे' हे क्रियापद असं मदतीला येतं. बाकीचे म्हणतात, तो घरचाच आहे. आला तेव्हा मात्र त्याने फार पाय पसरले. साध्या विधानातही लोक 'आय डिड गो', 'आय डिड सी' म्हणत, कसलाही जोर नसताना. सॅम्युअल पेपिसची १६६०च्या दशकातली प्रसिद्ध रोजनिशी अशा 'डिड'ने गजबजलेली आहे. पुढे विधानांतून त्याला हाकललं, प्रश्नात आणि नकारात मात्र राहू दिलं. १७५५च्या आपल्या कोशाला जोडलेल्या व्याकरणात डॉक्टर जॉन्सन विधानातल्या फालतू 'डू'ला चक्क वाईट खोड म्हणून मोकळे झाले. म्हणजे पेपिसला जे चाललं ते जॉन्सनला चाललं नाही आणि मध्ये शंभर वर्षंही गेली नव्हती. आमच्या मुलांना मात्र हा नियम जणू दगडावर कोरून आलाय अशा आवाजात आम्ही सांगत होतो.

'हॅव'चं प्रकरण तर अगदी परवापर्यंत लोंबकळत होतं. जुने ब्रिटिश वळणाचे लोक 'हॅव यू अ पेन?' असं विचारत. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकून मॅट्रिक झालेली आमच्या आजोबांची पिढी तसंच विचारायची, आणि नातवाने 'डू यू हॅव अ पेन' म्हटलं की त्यांना ते अमेरिकन आगाऊपणाचं वाटायचं. घराघरांत असलेल्या रेन अँड मार्टिनच्या व्याकरणातला रेन म्हणजे पी. सी. रेन. हा गृहस्थ इथल्या शिक्षण खात्यात नोकरी करून गेला आणि १९२४ साली 'बो जेस्ट' ही फ्रेंच फॉरेन लिजनची धाडसी कादंबरी लिहून जगभर गाजला. वाळवंटातल्या किल्ल्यात मेलेल्या शिपायांना तटावर उभं करून शत्रूला चकवणारा हा लेखक, आपल्याला मात्र नकारार्थी आणि प्रश्नार्थी वाक्यांच्या मार्फत माहीत आहे. त्याचे दोन वाचक एकमेकांना कधी भेटले नसतील.

१९५७ साली नोम चॉम्स्कीने लहानशा पुस्तकात मांडलं, की इंग्रजी वाक्यात काळ हा क्रियापदाचा अवयव धरूच नये, तो वेगळा सुटा घटक आहे. साध्या विधानात तो शेजारच्या क्रियापदाला जाऊन चिकटतो. प्रश्नात त्याची क्रियापदापासून ताटातूट होते, एकटा उभा राहता येत नाही, म्हणून त्याला टेकायला 'डू' आणतात. हे मी निवृत्तीनंतर वाचलं. मनात म्हटलं, एसटीतलं आमचं तिकीट हेच की. मात्र चॉम्स्कीला त्यातून भाषाशास्त्राची नवी शाखा काढता आली, मला सहावी ब.

पण 'डिड'ची खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती माझ्या लक्षात शाळेत आली नाही. 'डिड'ला लिंग नाही, वचन नाही, मान नाही. मराठीत भूतकाळ विचारायचा तर समोरचा कोण, बाई का बाप्या, एकटा का चारचौघं, अरेतुरेतला का अहोजाहोतला, हे आधी ठरवावं लागतं. एवढ्यावर भागत नाही, त्याने काय खाल्लं तेही ठाऊक असावं लागतं. आंबा खाल्लास का, पोळी खाल्लीस का, केळं खाल्लंस का. क्रियापद खाणाऱ्याकडे बघत नाही, ताटाकडे बघतं. अर्धं उत्तर माहीत असल्याशिवाय आपल्याला प्रश्नच विचारता येत नाही. 'डिड यू ईट?' मध्ये यातलं काही नाही. कलेक्टर, जावई, मोलकरीण, मांजर, सगळ्यांना तेच. साहेबाला ही समता वाटते. आपल्याकडच्या जुन्या बायकांना तो निष्काळजीपणा वाटतो.

ही तक्रार मी प्रथम आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडून ऐकली. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत आणि नातू पाच वर्षांचा. नातवाला मराठी समजतं, पण उत्तरं इंग्रजीत येतात. आजोबा त्याच्याशी खुणांनी बोलतात. वहिनींना ते मंजूर नाही. त्या माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "बाई, मला सगळं इंग्रजी नको. तेवढं पोचलास का, जेवलास का, झोप झाली का, पडलास कसा, एवढं विचारता येईल असं शिकवा." मागणी मुद्देसूद होती, आणि सगळी 'डिड'च्या हद्दीत येत होती. मी तिकिटाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि मला विचारलं, "पण त्याने तिकीट काढलं हे मागे बसलेल्या बाईला कळणार कसं, एवढ्या गर्दीत?" इतकी वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

पहिल्याच रविवारी त्यांनी पडद्यावर नातू दिसल्याबरोबर विचारलं, "डिड यू जेवलास?" तिकीट दोनदा, आणि दुसरं मराठीतलं. मी विरजणाची वाटी घेऊन दारातच उभी होते. नातू अजिबात गोंधळला नाही. म्हणाला, "येस आजी. आय जेव्ड." आजीकडून 'जेव' घेतलं, शाळेतून 'ड' घेतला आणि काम भागवलं. वहिनी खूश. पोराला मराठी येतंय म्हणून त्यांनी शेजारीपाजारी सांगितलं.

पुढे एकदा मी त्यांच्याकडे बसले असतानाच फोन लागला. तिकडे सकाळचे आठ, इकडे संध्याकाळचे साडेपाच. पोरगं दुधाचा पेला हातात घेऊन, ओठावर पांढरी मिशी घेऊन पडद्यावर आलं आणि त्या दिवशी त्यानेच आधी विचारलं, "आजी, डिड यू जेव?"

मी खुर्चीत सरसावून बसले. विधानात 'जेव्ड', प्रश्नात 'जेव'. कुणी तक्ता दिला नाही, एसटी दाखवली नाही, फळ्यावर चौकट काढली नाही. पोराने परक्या भाषेचं क्रियापद घेतलं, त्याचा भूतकाळ काढून डिडच्या हवाली केला आणि बाकीचं मोकळं मागे बसवलं. सहावी ब ला जे जमलं नाही ते याने दुधाच्या मिशीत केलं.

वहिनी मात्र दचकल्या. "जेवते रे राजा, जेवते," त्या म्हणाल्या. "अजून साडेपाचच वाजलेत. कुकर लावायचाय." फोन हातात धरूनच माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "हुकूम करतोय बघा. जेव म्हणे."

मी सांगितलं, की तो हुकूम नाही, प्रश्न आहे, आणि व्याकरणाने शंभर टक्के बरोबर आहे. मी असते तर पैकीच्या पैकी गुण दिले असते.

"पैकीच्या पैकी कसले? 'जेवलीस' म्हणायला काय होतं? आजी आहे का आजोबा, तुमच्या त्या डिडला कळतं तरी का? अर्धा गुण कापा."

तिकडे नातवाला आमचं भांडण ऐकू येत असावं, पण त्याची चौकशी अजून संपली नव्हती. त्याने मान तिरकी करून वहिनींच्या मागे, आरामखुर्चीकडे बघितलं आणि विचारलं, "आजोबा, डिड यू जेव?"

"बघा!" वहिनी म्हणाल्या. "त्यांनाही जेवच!"

आजोबांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "जेव्ड," ते म्हणाले, आणि पान उलटलं.